हातावरचं तीर्थ

तळहातावरच्या इष्टलिंगाभोवती फेस आला.

लई न्हाय. वरणाला उकळी यायच्या आदी कडंकडंनं येतो तेवढाच. पण आला. चनबसप्पाच्या उजव्या हातातली पाण्याची गिंडी तशीच तिरकी राहिली. तोटीला एक थेंब लोंबला, पडू का नको करत. पाण्याला फेस येत न्हाय, हे काय शाळेत जाऊन शिकायला लागत न्हाय. साबणाला येतो, ताकाला येतो, पळून दमलेल्या बैलाच्या तोंडाला येतो. सिद्धेश्वराच्या तळ्यातल्या पाण्याला फेस यायचं काय कारण? मघाशी आपल्या लिंगाला पाणी घातलं तवा त्येची नजर खिडकीतल्या आभाळावर होती, पांढऱ्याफटक, ढगाचा ठिपका नसलेल्या आभाळावर. दुष्काळाच्या ह्या दुसऱ्या उन्हाळ्यात समद्या सोलापूरची नजर तिथंच टांगलेली. तवा फेस आला असंल तरी दिसला नसंल. त्येनं ते तीर्थ पिऊन लिंग डबीत घालून गळ्यात अडकवलं बी होतं. आता हातावर होतं ते अव्वाचं. बसम्माचं, त्येच्या आईचं. समोर बाजेवर ती पडलेली, मान त्येच्याकडं वळवून, चिमणीच्या पिल्लागत आ वासून. हातावरचं पाणी जिभेवर पडल्याबिगर ती भाकरीच्या तुकड्याकडं बघत न्हाय, हे साऱ्या भवानी पेठेला ठावं. पूजेत बोलायचं नसतं म्हणून तो बोलला न्हाय. तसं बोलायचं तरी काय होतं? फेस आला अव्वा, असं?

त्येनं फुंकर घातली. फेस हातावरच्या भेगांत शिरला आणि बसून राहिला. त्या भेगांना बी आता वरीस होत आलं. चनबसप्पा चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात. आदी रंगाच्या हौदावर होता, मग रंगमास्तर धोंडप्पानं त्येला दवाच्या हौदावर घातला. रंगवलेलं सूत धुतल्यावर रंग सुटू नये, चादरीचा लाल तिच्या पांढऱ्यात उतरू नये, म्हणून शेवटाला एका दवात बुडवायचं. ती दवा मुंबईवरनं निळ्या क्यानातनं यायची. नाव इंग्रजीत, भलं लांब. ते कोण वाचतंय, समदे दवाच म्हणायचे. हाताला भेंडीच्या बुळबुळीसारखी लागायची. पहिल्या दिवशी धोंडप्पानं सोताचा हात कोपरापतोर हौदात घालून दाखवला होता. "बघ, काय झालं? हाडं दिसाय लागली का? आरं बामनाच्या सोवळ्यापेक्षा चोख हाय ही. हिनं किडा मरतो, मानूस न्हाय." सगळे हसले. चनबसप्पा बी हसला. मग महिन्याभरात बोटाच्या पेरांची कातडी पांढरी पडली, फुगली, फाटली, पण ते रंगाच्या हौदावर बी व्हायचंच. हात हाय, काम करतो, फाटणारच. एवढंच की घरी येऊन तांबड्या साबणानं हात धुतला की दूध फुटल्यागत पांढऱ्या गुठळ्या निघायच्या. मास्तर म्हणायचा, साबनाचा हात हौदात घालू नगंस, दवा फुटती, दोघांचं जमत न्हाय, सासू-सुना हायत्या त्या. आणि एक सांगायचा. "ही धरती. एकदा धरलं की सोडत न्हाय. सुताला धरती, रंगाला धरती. म्हनून तर सोलापुरी चादर नातवापतोर टिकती."

धरती. सोडत न्हाय. हातावर पाणी थिजल्यागत उभं होतं आणि चनबसप्पाच्या डोक्यात तेवढंच गिरणीच्या पट्ट्यागत फिरत राहिलं. तोंड आ वासून अव्वाचा जबडा दुखत असणार. तिच्या जिभेच्या कडंला पांढरे चट्टे होते. दिवाळीपासनं उठलेले. दवाखान्यात दाखवलं होतं. डाक्टर म्हणाला उष्णता हाय, म्हातारपण हाय, ताक द्या. त्येनं काय प्यायला देता असं इचारलं न्हाय, आणि चनबसप्पानं सांगितलं न्हाय. सांगण्यासारखं वाटलंच न्हाय. देवाचं पाणी देतो हे काय डाक्टरला सांगायचं असतं?

आणि ते पाणी राखायसाठीच तर केलं होतं समदं. हे कुणाला पटवायचं होतं त्येला, ठावं न्हाय, पण मनात तो पटवतच होता. अव्वाचं डावं अंग गेलं गेल्या वर्षी. डावा हात मुठीत आवळून छातीशी बसला तो बसलाच. डाव्या हातावरच लिंग घ्यायचं असतं. मुठीवर कसं घेणार? अव्वानं खाणं सोडलं. तवा अक्कलकोटाकडनं आलेले मठातले स्वामी बाजेशी बसून म्हणाले, "बसम्मा, ल्येकाच्या हातावर घे की. हात काय परका हाय? तुझ्याच पोटातनं आलेला हाय." तवापासनं रोज अव्वाचं लिंग त्येच्या हातावर. हे बरं चाललं होतं. मग पाणी गेलं. नळ कवातरी रातचा गुरगुरायचा, ट्यांकर आला की बायकांची डोकी फुटायची. पूजेला मात्र अव्वाला तळ्यातलंच पाणी लागायचं. तळ्याचं पाणी खाली खाली गेलेलं, कडंचा गाळ म्हशीच्या पाठीगत फाटलेला. त्या गाळातनं मधोमध जाऊन चनबसप्पा तांब्याची कळशी भरून आणायचा, ती पंधरवडाभर पुरवायची. अशाच एका सकाळी हातावरच्या पाण्यात एक आळी वळवळली. अव्वाची नजर गेलेली नव्हती, तेवढी एकच धड होती. "शिवा शिवा," म्हणाली, "देवाच्या पान्यात जीव पडला रे. जीव गिळू काय मी?" तोंड मिटलं ते दुसऱ्या दिवशी सांजपतोर उघडलं न्हाय. त्येची बायको मल्लव्वा तवा इथंच होती, पुढं भावासंगं खडी फोडायच्या दुष्काळी कामावर गेली, पोरांना घेऊन. ती म्हणाली होती, "पानी उकळून घ्या की." अव्वा म्हणाली, "उकळलेलं मेलेलं असतंय." झालं. दोन बायकांच्या मधी पाणी.

त्याच दिवसांत कारखान्यातला मोठा हौद नासला होता. तेच तेच पाणी फिरवून वापरायचं, हिरवी बुरशी धरलेली, वास असा की जेवणाची पंगत पार गेटाभाईर बसायची. धोंडप्पानं त्यात दवाचं अर्धं क्यान ओतलं. दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं. तळाचा दगड दिसत होता. "बघितलंस? आळी न्हाय, बुळबुळ न्हाय. आता ह्या पान्याला वरीसभर मरन न्हाय." चनबसप्पाच्या मनात तिथंच ठिणगी पडली. लई आनंद झाला त्येला. हौदात त्या दिवशी दोन बेडूक बी होते, ते मात्र त्येला तवा मजेचे वाटले होते. मेलेले नव्हते. पाण्यावर पाय पसरून, अंगातला दोरा ओढून घेतल्यागत सैल होऊन तरंगत होते. एकानं काडीनं ढोसलं तर हालले न्हाईत. पण डोळे उघडे. गळ्याखालचं कातडं उडायचं तेवढं थांबलेलं. "निजल्यात लेकाचे डोळे उघडे ठिवून," कुणीतरी म्हणालं, "मुकादमागत." केवढे हसले होते. सांजच्याला चनबसप्पा दवाची एक बाटली कंबरेला खोचून घरी घेऊन आला.

पहिल्यांदा थेंब. कळशीत एक थेंब, बोटानं ढवळून. पाणी टिकलं. पुढं थंडी सरली, ऊन तापलं, थेंबाचं बूच झालं. आळी परत कधी दिसली न्हाय. तरी त्येनं शेजारच्या गौरम्माला बाटली दावून इचारलं होतं, असं आंधळ्यागत केलं नव्हतं. गौरम्मा दवाखान्यात आया. हुंगून म्हणाली, "व्हय की, आमच्यात बी असलंच हाय. डाक्टर लोक आपरेशनच्या आदी ह्यातच हात धुत्यात. जखमा धुत्यात." मग काय राहिलं? उघड्या जखमेला चालतं, रक्ताला लागतं तरी चालतं, तर देवाच्या पाण्याला न चालायला काय झालं? काल सांजच्याला नवी कळशी भरून आणली, घासलेटचा दिवा बारीक होता, बाटली हातातनं निसटली जरा. बुळबुळीत असती ना बाटली. बुचापेक्षा जास्त गेलं असंल. किती जास्त? आता ते आठवाय गेलं तर हाताला घसरणाऱ्या बाटलीची सुळसुळ तेवढी आठवत होती, आणि दिव्याचा वास.

अव्वाला चव लागली होती. लागली न्हाय असं न्हाय. फागुनात एकदा जीभ टाळ्याला लावून म्हणाली, "कहि." तिला मनातलं काय सांगायचं असलं की कानडीत सांगायची. "कडू हाय रे तीर्थ." चनबसप्पा म्हणाला, तोंड आलंय अव्वा तुझं, समदंच कडू लागणार. अव्वा आढ्याकडं बघत म्हणाली, "तोंड न्हाय. पाऊस न्हाय ना. देव बी कडू झालाय." तिला ते पटलं आणि आवडलं बी. येईल त्येला सांगायची, माझ्या हातात काय बळ उरलं न्हाय बाई, उजवा बी उचलंना झालाय, गिळाय बी जड जातंय, पण माझा देव सिद्धराम रोज सकाळी जिभेवर येतो, कडू येतो पण येतो.

उजवा बी उचलंना झालाय. हे ती कधीपासनं म्हणत होती? होळीला तिनं उजव्या हातानं त्येच्या कपाळाला विभूती लावली होती, हे त्येला नक्की आठवत होतं. पाडव्याला लावली का? पाडव्याला त्येनं सोताच लावली. तवा त्येला काय वाटलं? काय वाटलं न्हाय. एक अंग गेलं की दुसरं जातंच, असं म्हणत्यात. हातावरच्या पाण्यात लिंग काळं, गुळगुळीत, डोळ्याच्या बाहुलीगत त्येच्याकडं बघत होतं.

"बा... ये, लवकर," अव्वा म्हणाली. जीभ जड होती. "जबडा दुखतो."

चनबसप्पानं हात तिच्या तोंडापतोर नेला. रोजची सवय, हात आपसूक गेला. तिच्या गरम, आंबूस श्वासाची झुळूक बोटाला लागली आणि हात थांबला. मग त्येनं कधी केलं नव्हतं ते केलं. पाणी तिथंच भुईवर सोडलं, लिंग पुसून पाटावर ठेवलं आणि पूजेच्या मधनं उठला.

"काय झालं रे?"

"आळी," तो म्हणाला. खोटं बोलला. "आळी पडली पान्यात. दुसरं आनतो."

कळशी त्येनं मोरीत पालथी केली. दुष्काळात पाणी ओतल्याचा आवाज कसा असतो, हे ज्यानं ऐकलं त्येलाच ठावं. चाळीतली दोन दारं उघडली. कोण रे तो माजलेला, पानी सांडतोय, असं कुणीतरी ओरडलं. मोरीच्या तोंडाशी साबणाच्या चुऱ्यावर ते पाणी पडलं आणि पांढरी गुठळी धरली. तो बघत राहिला. मग बाटली घेतली, ती बी उलटी केली. ती गळत राहिली, गळत राहिली, मधाच्या धारेगत. इतकी उरली होती? का इतकीच उरली होती?

गौरम्मा दारात चूल सारवत होती. वर न बघताच म्हणाली, "आज सूर्य मावळतीकडं उगावला जनू. पूजा सोडून बाईच्या दारात? मल्लव्वाला खडीवर निरोप धाडू काय?"

"तांब्याभर पानी दे गौरम्मा. तीर्थाला."

"ट्यांकरचं हाय माजं. गढूळ. तुज्या अव्वाला चालंल? तिचा देव लई खानदानी हाय बाबा, ट्यांकरनं येत न्हाय."

"चालंल." तांब्या हातात आला तरी तो उभा राहिला. उंबऱ्याला पायाचा अंगठा घासत म्हणाला, "ती तुमच्या दवाखान्यातली दवा... हात धुत्यात ती. पोटात गेली तर?"

"पोटात?" गौरम्मा हसली. "येडा का खुळा तू? पोटात कोन घेतंय! त्यात बी आमच्यात घागरभर पान्यात चमचाभर घालत्यात." मग तिचं हसणं हळूहळू बारीक झालं. सारवणाचा हात चुलीवर तसाच राहिला. "एकानं घेतलं होतं. वळसंगकडचा गडी होता, बायको बाळंत व्हायला आनलेली. पान्याची बाटली समजून घोट घेतला. पानी न घातलेलं, अस्सल. जीभ अशी पांढरी झाली, चुना लावल्यागत. ओकला. मग पाय गेलं, मग हात गेलं. सैल. बाहुलीगत. आनि डोळं उघडं रे, टक्क उघडं. त्येला समदं कळत होतं, मी सांगते तुला, माज्याकडं बघत होता तो. श्वास घ्यायचाय पन छाती उचलंना. बायकोला पोरगा झाला त्या सांजला. त्यानं न्हाय बघितला." तिनं शेणाचा हात झटकला. "तू का इचारतोस?"

"काय न्हाय. कारखान्यात हाय म्हनून."

"मग जपा की. फाटक्या हातानं भाकरी खाताय लेकाचे."

थेंब आणि घोट. घोट एकदम मारतो. थेंबाचं काय? रोजचा थेंब कुठं जातो? सूत बी एकदम पक्कं होत न्हाय, बुडवून बुडवून होतं. परतताना तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं आणि चनबसप्पाला समोरचं दार लांब लांब जातंय असं वाटत होतं. छातीत घरघर होती. ती बी कारखान्यातलीच, दवाचं क्यान उघडलं की यायची, घरी आल्यावर निवायची. आज घरीच आली होती. सांगावं का अव्वाला? अव्वा, तुझा कडू देव मी बाटलीतनं आणला होता. मग ती काय करंल? तोंड मिटंल. जी बाई आळीपायी दीड दिवस उपाशी राहिली, ती हे ऐकून परत कधी आ करंल काय? कळलं तर भुकेनं जाणार. न कळता चाललं तर दवानं जाणार. मधी एक वाट होती, ती ह्या तांब्यात गढूळ होऊन हलत होती.

आणि हात? तळहात त्येनं उन्हात धरला. भेगांत फेस वाळून पांढरी रेघ झालेली. मोरीवर बसून, तांब्यातलंच थोडं थोडं पाणी घेत तो हात घासाय लागला. तांबडा साबण, मग राख, मग परत साबण. गुठळ्या आल्या. धुतल्या. परत घासला. परत आल्या, बारीक, पण आल्या. रक्त आलं तरी गुठळ्या येतच होत्या, गढूळ पाण्यात नीट दिसत बी नव्हतं साबण कुठला आणि दवा कुठला. जीभ लावून बघितली हाताला. काही कळलं न्हाय. त्येला कधीपासनं कशाचीच चव कळत नव्हती. भाकरी, तंबाखू, कांदा, समदं एकच लागायचं, ओल्या सुतागत. कधीपासनं, हे बी त्येनं मोजलं नव्हतं.

तवा त्येला सुचलं. इतकं सोपं होतं की हसूच आलं. अव्वाचा सोताचा हात. डावा, मुठीत मिटलेला. वरीसभर त्यानं कशाला हात लावला न्हाय, कुठल्या हौदात बुडला न्हाय, जगातली घाण त्येला ठावं न्हाय. तेवढाच एक हात घरात चोख होता.

तो बाजेशी बसला. "अव्वा, आज तुज्याच हातावर घेऊ."

"उघडत न्हाय रे तो."

"उघडतो मी."

अंगठा पहिल्यांदा सोडवला. वाळल्या चिंचेच्या आकड्यागत होता. मग एकेक बोट. अव्वा कण्हली, पण बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पोरीगत कायतरी आलं. सरत्या बोटाखालचा तळवा उघडा झाला तवा चनबसप्पाला भडभडून आलं. एवढा गोरा, एवढा मऊ, ओलसर, उन्हाचं तोंड न बघितलेला. रेघा जशाच्या तशा. नख लागून चंद्रकोरीएवढी एक खूण तेवढी. त्येनं लिंग त्यावर ठेवलं. बोटं परत मिटाय बघत होती, त्येनं आपल्या बोटांनी ती दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं गौरम्माचं गढूळ पाणी सोडलं. फेस आला न्हाय. त्येनं वाकून, डोळे बारीक करून बघितलं. न्हाय आला. पाणी लिंगावरनं घसरून तिच्या तळव्यात साठलं, मातकट, आळ्या असतील तर असोत. त्येनं तिचा हात तिच्याच तोंडाशी नेला. वर्षानं अव्वानं आपल्या हातचं तीर्थ घेतलं. जीभ भाईर आली, चट्ट्याची, पांढरी. एकदा चाटलं. थांबली. परत चाटलं, चनबसप्पाच्या बोटाच्या पेरापतोर.

मग डोळे मिटून समाधानानं म्हणाली, "कहि."

"काय?"

"कडूच हाय की. आज लई कडू." चेहरा निवला होता तिचा. "मला भ्या वाटलं होतं, माज्या हातावर यायचा न्हाय म्हनून. आला. आता दे तुकडा."

त्येनं दुधात भिजवलेली भाकरी तिच्या तोंडात घातली. बोटांनीच घातली, दुसरं काय होतं घालायला. ती चघळत राहिली, गिळाय तिला लई वेळ लागला. डावी मूठ लिंगासकट परत मिटून छातीशी गेली होती. त्येनं लिंग काढाय बघितलं, तर मूठ सुटंना. जिवंत हाताला नसंल एवढा जोर होता तिच्यात.

गिरण्यांचा भोंगा झाला. मागनं कारखान्याची घंटा होईल, धोंडप्पा क्यान फोडून उभा असंल.

"जा," अव्वा म्हणाली, "भोंगा झाला. हात पूस." आणि ती त्येच्याकडं बघत राहिली.

चनबसप्पानं टोपी घातली. दारापतोर गेला, परत आला. अव्वाचे डोळे उघडे होते, टक्क. गळ्याखालचं सैल कातडं हालतंय का न्हाय, हे दारातनं दिसंना म्हणून तो जवळ आला, मग आणखी जवळ. पापणी एकदा लवली की जायचं, असं त्येनं मनाशी धरलं. भाईर कारखान्याची घंटा वाजाय लागली, वाजून थांबली, आणि तो वाकून बघतच राहिला.